स्किबरीनचं गाणं आणि आत्याबाईंचं शेत

गुरुवार

आयर्लंडमधल्या कॉर्कहून स्किबरीन साधारण 80 किलोमीटर. रस्ता एकच, एन 71, तो बँडन, क्लोनाकिल्टी, रॉसकारबरी करत करत जातो आणि मे अखेरीला दोन्ही बाजूंना गॉर्सची पिवळी आणि हॉथॉर्नची पांढरी फुलं इतकी असतात की आई थंडी वाजत असूनही काच खाली करूनच बसली होती. आई म्हणजे माझी आई, दहिवडीहून आलेली, मुंबई आणि पंढरपूर सोडलं तर माण तालुक्याच्या बाहेर ती फारशी कुठे गेलेलीच नाही. गाडी नवरा चालवत होता, शेजारी सासूबाई, मागे आम्ही दोघी मायलेकी. जायचं होतं सासूबाईंच्या माहेरी. तिथे आता त्यांची आत्या एकटीच असते, वय वर्षं 88, लग्न केलं नाही, भाऊ गेल्यावर शेत तिनेच सांभाळलं, आता शेजारचा एक शेतकरी जमीन भाड्याने घेऊन त्यावर गाई चारतो. स्किबरीन आणि बॅलीडिहॉबच्या मधे एका टेकडीवर घर आहे, दगडी, बुटकं, खिडक्या लहान.

आईने पहिल्यापासून तिला आत्याबाई म्हणायला सुरुवात केली आणि मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. दारातच आत्याबाईंनी आईचे दोन्ही हात धरले आणि इंग्लिशमधे काहीतरी बोलल्या, आईने मराठीत उत्तर दिलं, आणि चार दिवस दोघींचं असंच चाललं, मधे कोणी भाषांतर केलं तर ठीक, नाही केलं तरी ठीक.

रात्री जेवायला उकडलेले बटाटे होते, सालीसकट, फुटून पिठूळ झालेले, मोठ्या वाडग्यात टेबलाच्या मधोमध. सोबत कोबी, लोणी, मीठ, आणि ज्यांना चालतं त्यांना बेकन. आई माळकरी, त्यामुळे तिचं बटाट्यांवर भागलं आणि तिने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. आत्याबाईंचं बटाटा सोलणं मात्र बघत बसावं असं. गरम बटाटा काट्याला टोचून डाव्या हातात धरायचा आणि उजव्या हातातल्या सुरीने साल सोलत जायची, हाताला कुठे चटका नाही, गर वाया नाही, साल कागदाइतकी पातळ. सालींची वेगळी ताटली. एक बटाटा उरला तो त्यांनी कागदात बांधून कपाटात ठेवला. सासूबाई म्हणाल्या, या घरात बटाटा टाकलेला मी कधीच पाहिला नाही.

जेवण झाल्यावर रेंजजवळ, म्हणजे ती मोठी लोखंडी चूल असते ना, तिच्याजवळ बसलो. साडेनऊ वाजले होते आणि बाहेर अजून उजेड. नवरा म्हणाला आँटी, गाणं म्हण. त्या आधी नको म्हणाल्या, मग डोळे मिटले. सासूबाईंनी पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला आणि गाणं चालू असताना तो हळूहळू गोल फिरवत राहिल्या, ही इकडची जुनी पद्धत आहे, गाणाऱ्याला सोबत म्हणून. ना वाद्य ना ताल, नुसता गळा, आणि तो 88 वर्षांचा गळा मधेच चिरकायचा पण सूर सोडायचा नाही.

गाणं म्हणजे ‘स्किबरीन’. आयर्लंडमधे बहुतेकांना माहीत असतं. 1880 साली बॉस्टनमधे छापलेल्या आयरिश गाण्यांच्या एका पुस्तकात ते मिळतं, म्हणजे लिहिलं गेलं, छापलं गेलं ते देश सोडून गेलेल्यांमधे. मुलगा बापाला विचारतो की बाबा, तुम्ही त्या गावाचं एवढं कौतुक सांगता मग ते सोडून का आलात? आणि बाप सांगतो. पिकावर रोग पडला, जनावरं गेली, खंड भरायला पैसे नव्हते, डिसेंबरच्या थंडीत जमीनदार आणि शेरीफ आले, घराचं छप्पर पेटवून दिलं, तुझी आई बर्फात पडली ती उठलीच नाही, तू दोन वर्षांचा होतास, तुला माझ्या कोटात गुंडाळलं आणि रात्रीच निघालो.

आई ऐकत होती. शब्द एक कळत नव्हता. दुसऱ्या कडव्याच्या सुमारास मला कोपराने ढोसून म्हणाली, “काय गं म्हणतीया ती? कोण मेलंय?” मी हळू आवाजात सांगत गेले. ‘छप्पर पेटवलं’ म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला. आणि गाणं मधेच थांबलं, निदान मला तरी तसं वाटलं, कारण मला माहीत असलेल्या गाण्यात शेवटी अजून एक कडवं आहे, त्यात मुलगा बापाला म्हणतो की एक दिवस याचा सूड घेऊ. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “शेवटचं कडवं ती म्हणत नाही. लहानपणापासून बघतेय मी.” का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शुक्रवार

सकाळपासून पाऊस. स्किबरीन गाव तसं छोटं आहे, रंगीत दुकानं, इलेन नदी, आणि अलीकडे रोइंगमुळे नावाजलेलं, ऑलिम्पिकची मेडलं इथल्या पोरांनी आणलीत. जुन्या गॅसवर्क्सच्या इमारतीत हेरिटेज सेंटर आहे. पाऊण तासात बघून होईल म्हणून गेलो आणि दुपार तिथेच गेली.

सेंटरमधे सगळं त्या गाण्यातल्या आयरिश दुष्काळाबद्दल आहे. थोडं सांगते, कारण आपल्याकडे त्याबद्दल शाळेत एखादी ओळ असते फार तर. 1845 च्या सप्टेंबरात आयर्लंडमधे बटाट्यावर करपा आला. एका बुरशीसारख्या रोगाने हिरवीगार पानं काळी पडायची आणि जमिनीतला बटाटा कुजून त्याचा वास शिवारभर यायचा. 1846 ला तर जवळजवळ सगळं पीक गेलं. गरीब शेतकरी आणि मजूर खात होता तो फक्त बटाटा, बाकी जे पिकायचं, ओट्स, लोणी, डुकरं, ते खंडापोटी जायचं, आणि दुष्काळातही बंदरांवरून जातच राहिलं. 1841 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या 81 लाखांच्या वर होती, 1851 ला 65 लाखांच्या आसपास. साधारण 10 लाख माणसं भुकेने आणि तापाने गेली, त्याहून जास्त जहाजं पकडून निघून गेली. आणि या सगळ्यात स्किबरीनचं नाव जगभर झालं. इथले डॉक्टर डॅनियल डोनोव्हन रोज जे बघत होते ते लिहून ठेवत होते, आणि 1847 च्या फेब्रुवारीत लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकासाठी जेम्स माहोनी हा कॉर्कचा चित्रकार इथे येऊन चित्रं काढून गेला. त्यातलं क्लोनाकिल्टीच्या बाईचं चित्र तिथे मोठं करून लावलंय, एका हातात मेलेलं बाळ आणि दुसऱ्या हातात भीक मागायची थाळी, बाळाला पुरायला पेटी घ्यायची म्हणून. आई त्या चित्रासमोरून लवकर हललीच नाही.

मग तिने मला विचारलं, “सरकारानं कामं काढली न्हाईत का?” काढली होती. रस्त्याची कामं, खडी फोडायची कामं, 1847 च्या मार्चमधे 7 लाखांवर माणसं त्या कामांवर होती. आईचा पुढचा प्रश्न लगेच, “मग पगार येळेवर द्येत हुते का?” आणि मी अक्षरशः दोन मिनिटांपूर्वी तेच वाचलं होतं. जवळच्या कॅहराचा डेनिस मॅकेनेडी, 1846 च्या ऑक्टोबरात रस्त्याच्या कामावरच पडून मेला, दोन आठवड्यांची मजुरी थकलेली, आणि चौकशीला बसलेल्या ज्यूरीने स्पष्ट म्हटलं की हा उपासमारीने मेला आणि याला काम काढणारं खातं जबाबदार आहे. आईला हे सांगितल्यावर तिने मान हलवली. ज्यांच्या घरच्यांनी दुष्काळी कामांच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, सही केलेली असते त्यांनाच हा प्रश्न पहिला सुचतो, मला नसता सुचला.

सेंटरमधे घराण्यांची माहिती शोधून द्यायला मदत करतात. सासूबाईंना सहज वाटलं, आपलंही बघू. आयर्लंडमधे हे काम सोपं नाही कारण 1821 ते 1851 च्या जनगणनांचे कागद बहुतेक सगळे 1922 च्या डब्लिनच्या आगीत जळाले. मग आधार दोनच, एक म्हणजे 1820-30 च्या दशकातल्या चर्चच्या कराच्या वह्या, टाइद बुक्स म्हणतात, आणि दुसरं म्हणजे दुष्काळानंतरची ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, ज्यात कुठली जमीन कोण कसतं आणि तिची आकारणी किती हे सगळं आहे. म्हणजे दुष्काळाच्या आधीचा एक सातबारा आणि नंतरचा एक, आणि मधे जे झालं ते कुठेच नाही. तिथल्या बाईंनी दोन्ही याद्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावल्या. टाउनलँड तेच, म्हणजे शिवार तेच. आधीच्या यादीत सासूबाईंचं माहेरचं आडनाव, आणि त्याच्याखाली बरीच आडनावं. नंतरच्या यादीत निम्मी आडनावं गायब. आणि सासूबाईंच्या घराण्याची जमीन वाढलेली.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. नवऱ्याने खाली बोट ठेवून एक आडनाव दाखवलं आणि म्हणाला, “हे तर आपल्या शेताचं नाव आहे ना?” इकडे प्रत्येक शेताला नाव असतं, विहिरीचं शेत, दगडाचं शेत, असं. आत्याबाईंच्या घरामागचं उताराचं शेत एका आडनावाने ओळखतात, घरातल्या सगळ्यांना वाटायचं असेल कोणीतरी पूर्वीचा. ते आडनाव मी इथे लिहीत नाही, त्या घरातली माणसं आज कुठेतरी असणारच, त्यांना विचारल्याशिवाय बरोबर नाही.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर अॅबीस्ट्राउरीला गेलो. गावाच्या पश्चिमेला, नदीकाठी, रस्त्याला लागूनच जुन्या चर्चचे अवशेष आहेत आणि त्यासमोर एक हिरवळ. त्या हिरवळीखाली 8,000 ते 10,000 माणसं आहेत असं मानतात. पेट्या पुरत नव्हत्या म्हणून तळ उघडणारी एकच पेटी पुन्हा पुन्हा वापरायचे. टॉम गेरिन नावाचा एक लहान मुलगा मेला समजून या खड्ड्यात टाकला गेला होता, फावड्याचा घाव पायावर बसला आणि तो ओरडला म्हणून वाचला, पुढे म्हातारा होईपर्यंत जगला, लंगडत. आईने गेटपाशी बूट काढले, ओल्या गवतात, मी नको नको म्हणत होते. “देवळात घालून जातीस का?” एवढंच म्हणाली.

शनिवार

आज ऊन. आत्याबाईंना घेऊन स्कलच्या पुढे टूरमोरला गेलो. तिथे समुद्राजवळ एक छोटं दगडी चर्च आहे, ऑल्टर चर्च, आयरिशमधे त्याला गरिबांचं चर्च अशा अर्थाचं नाव आहे. 1847 मधे विल्यम फिशर नावाच्या प्रोटेस्टंट पाद्र्याने लोकांना काम मिळावं म्हणून ते बांधून घेतलं. त्यावर इथे आजही दोन मतं आहेत, एक म्हणजे त्याने माणसं जगवली, आणि दुसरं म्हणजे अन्नाच्या बदल्यात धर्म बदलून घेतला. आत्याबाई कॅथलिक, त्या आत आल्या नाहीत, बाहेर बाकावर बसल्या. मी आत जाऊन आले. दगड असे हाताने घडवलेले की छिन्नीची खूण अन् खूण दिसते, आणि मला वाटतं ज्याच्या पोटात अन्न नाही त्याने हे घडवलं एवढंच आधी बघावं, वाद नंतर.

परत येताना नवऱ्याने गाडी एका डोंगराच्या कडेला थांबवली. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की त्या उतारावर समांतर रेघा दिसायला लागतात, वर पार माथ्यापर्यंत. ते बटाट्याचे जुने वाफे. लेझी बेड्स म्हणतात त्यांना, नावात आळस आहे पण मेहनत जनावरासारखी. समुद्रावरून शेवाळ पाठीवर आणायचं, ते जमिनीवर पसरायचं, त्यावर बियाणं, आणि दोन्ही बाजूंची माती उपटून त्यावर पालथी घालायची, की झाला वाफा आणि मधे झाला पाट. दुष्काळात सोडून गेले तेव्हापासून तिथे कुणी नांगर घातला नाही, म्हणून रेघा तशाच आहेत. आई म्हणाली, “हितवर? एवढ्या चढाला?” आत्याबाई म्हणाल्या की सपाट जमीन खंडाच्या पिकाला, चढ आपल्या पोटाला.

आणि तिथे उभं राहून आई बोलायला लागली. 1972 ला ती बारा वर्षांची होती. हे मी तुकड्या-तुकड्यात ऐकलं होतं, सलग कधी नाही. माणमधे ओळीने दोन वर्षं पाऊस नाही, विहिरी तळाला, बैल विकले ते मिळेल त्या भावाला. माझी आजी पाझर तलावाच्या कामावर, आणि नंतर खडीवर. खडी फोडायची म्हणजे मांडीखाली पोतं, समोर दगड, गुंडाळलेल्या चिंधीने धरलेला हातोडा, आणि दिवसाकाठी ठरलेल्या मापाचा ढीग लागला तरच हजेरी. आई लहान भावाला घेऊन तिथेच सावलीला. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो, तो लाल अमेरिकन जोंधळा, त्याची भाकरी कोणाला आवडायची नाही. नवरा म्हणाला, आमच्याकडेही अमेरिकेतूनच आला होता, मका. 1845 मधे ब्रिटनच्या पंतप्रधान पीलने एक लाख पाऊंडांचा मका मागवला होता, लोकांना तो दळायचा कसा आणि शिजवायचा कसा हे माहीत नव्हतं, पोटं बिघडायची. आईला हे फार पटलं. आत्याबाईंना मिलोचा रंग कसा होता ते तिने वीट दाखवून सांगितलं.

पण एक फरक आहे आणि तो मला बोलल्याशिवाय राहवत नाही. 1973 च्या मे मधे महाराष्ट्रात जवळपास 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते, हाल झाले, मजुरी रखडली, गुरं गेली, पण आयर्लंडसारखी गावंच्या गावं मेली नाहीत, कारण पाऊस पडेपर्यंत कामं चालू राहिली आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. इथे काय केलं? 1847 च्या उन्हाळ्यात सरकारी स्वयंपाकघरांतून रोज 30 लाख लोकांना सूप मिळत होतं, म्हणजे खायला घालता येतं हे सिद्ध झालं होतं, आणि शरद ऋतू यायच्या आत ती स्वयंपाकघरं बंद केली. पुढचा खर्च स्थानिक करांतून भागवा म्हणाले. लंडनच्या ट्रेझरीत, म्हणजे सरकारी अर्थखात्यात, बसून हे चालवणारा चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, मग कलकत्त्याला भारताचा अर्थमंत्री. त्याचं नाव आत्याबाईंना शाळेपासून पाठ आहे.

रात्री आईला मी विचारलं की आपल्याकडे त्या दुष्काळाचं असं गाणं आहे का गं, बायका ओव्या म्हणायच्या ना. ती म्हणाली, “ओव्या जात्यावरच्या. जात्यात घालायलाच न्हवतं, तर म्हनणार कशावर?”

रविवार

सकाळी सगळे चर्चमधे मासला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला गेले, आई पण, मागच्या बाकावर तुळशीची माळ ओढत बसली. घरी आल्यावर रोस्ट, चहा, सोडा ब्रेड. बॅरीजचा चहा आईला आवडला, दूध घालून पितात म्हणून या लोकांबद्दल तिचं मत पहिल्या दिवसापासून चांगलं होतं.

दुपारी सासूबाईंनी आत्यापुढे शुक्रवारचा कागद ठेवला. आत्याबाईंनी चष्मा लावून वाचला, घडी केली, आणि म्हणाल्या चला शेतात. काठी घेऊन त्या पुढे, आम्ही मागे.

त्या उताराच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात एक भिंत उभी आहे, त्रिकोणी माथ्याची, घराची आडवी बाजू असते तशी. बाकी दगड खाली पडलेले, त्यातले बरेच बांधाला लावलेले. चुलीची जागा ओळखू येते, वरचा दगड काळा आहे. आणि आजूबाजूला फक्त तिथेच कमरेइतकी नेटल्स, म्हणजे आपल्या खाजकुयलीची आठवण यावी अशी अंगाला झोंबणारी झाडं. आत्याबाई म्हणाल्या की नेटल जिथे दाट तिथे माणसं राहिलेली असतात, चुलीची राख आणि शेण वर्षानुवर्षं पडून त्या मातीत कस राहतो.

मग त्यांनी सांगितलं, बांधाला टेकून, एकेक वाक्य. या घरातल्यांनी 1847 च्या हिवाळ्यात मदत मागितली. त्या वर्षी जूनमधे कायदा झाला होता की ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत नाही, आधी जमीन सोडा मग या. ग्रेगरी नावाच्या खासदाराने ते कलम घातलं. शिवाय लहान खातेदारांचा कर जमीनदाराच्या डोक्यावर होता, त्यामुळे लहान खातेदार जितके कमी तितका जमीनदाराचा फायदा. त्यांनी जमीन सोडली. जमीनदाराच्या माणसाने छप्पर उतरवलं म्हणजे परत कोणी राहायला नको. आणि जमीन शेजाऱ्याला दिली, जो अजून खंड भरू शकत होता. शेजारी म्हणजे आत्याबाईंचा पणजोबा. “त्याने मागितली की त्याला दिली, ते घरात कोणी कधी सांगितलं नाही. त्याची पण पोरं उपाशी होती.”

सासूबाई म्हणाल्या, मला हे कधी का नाही सांगितलंस? आत्याबाई म्हणाल्या, मला पण कोणी सांगितलं नाही, मी बघितलं.

काय बघितलं? त्या दहा-अकरा वर्षांच्या असताना एक अमेरिकन गृहस्थ आला होता, सूट घातलेला, भाड्याच्या गाडीतून. आडनाव हेच. विचारत होता की माझ्या आजोबांचे वडील या भागातले, घर कुठे होतं माहीत आहे का? आत्याबाईंच्या वडिलांनी त्याला आत बसवलं, चहा दिला, अंडी उकडून दिली, शेजारपाजारची विचारपूस केली, आणि सांगितलं, नाही, आम्हाला माहीत नाही. तो गेटपाशी उभा राहून बराच वेळ या उताराकडे बघत होता, कारण इथून समुद्र दिसतो. मग गेला. आणि त्या संध्याकाळी त्यांचे वडील पहिल्यांदा ते गाणं म्हणताना शेवटच्या कडव्याआधी थांबले. मग कायमच.

“सूड जमीनदारावर घ्यायचा असं गाण्यात आहे,” आत्याबाई म्हणाल्या. “पण शेत आमच्याकडे आहे. मग ते कडवं आम्ही कोणत्या तोंडाने म्हणायचं?”

मी आईला हे सगळं सांगत होते. आईने माझं पूर्ण होऊ दिलं आणि मग जे बोलली ते मला माहीत नव्हतं. 1973 ला आजोबा मुंबईला गिरणीत गेले, मागोमाग आजी आणि पोरं लालबागला, आणि गावची जमीन चुलत्याकडे राहिली, “दोन वरसं कसा, मग बघू” असं म्हणून. दोन वर्षांची पन्नास झाली. आजोबा गेले तोवर बोलायचं राहून गेलं. चुलतभाऊ अजूनही ते रान कसतो, आई त्याच तालुक्यात लग्न होऊन गेली आणि एसटी त्या बांधावरून जाते तेव्हा ती दुसऱ्या खिडकीकडे बघते. भांडण नाही. लग्नाकार्याला येणं-जाणं आहे. फक्त तो विषय नाही. म्हणाली, “मी त्या सुटवाल्या मान्सासारखी. ह्यांला सांग, त्याला जमीन नको असंल. चूल कुटं हुती तेवडंच बघायचं असंल.”

मी सांगितलं. आत्याबाईंनी आईचा हात धरला आणि दोघी त्या काळ्या दगडापाशी गेल्या, नेटल्स काठीने बाजूला करत. नवरा आणि सासूबाई भिंतीचे फोटो काढत होते, मोजमाप घेत होते. मला राहून राहून वाटत होतं की एवढी गाजलेली गाणी आहेत दुष्काळाची पण ती सगळी गेलेल्यांची, जहाजात बसलेल्यांची, राहिलेल्यांचं एकही मला माहीत नाही. ज्याने जमीन घेतली आणि जगला, ज्याची पोरं त्यामुळे जगली, त्याने काय म्हणावं? माझ्या सासूबाई, माझा नवरा, हे सगळे त्या उताराच्या शेतामुळे आहेत. मला आत्याबाईंच्या पणजोबाचा राग येत नाही. ज्यांनी दोन उपाशी शेजाऱ्यांमधे असं कलम आणून ठेवलं त्यांचा येतो.

सोमवार

निघताना आत्याबाईंनी कागदात बांधून बटाटे दिले आणि आईने उरलेली चटणी बरणीसकट तिथेच ठेवली.

कॉर्क ओलांडून आधी मिडलटनला गेलो, कारण आईला ‘पिसं’ दाखवायची होती. बेलिक पार्कमधे स्टेनलेस स्टीलची नऊ मोठाली पिसं गोलाकार उभी आहेत, 20 फूट उंच. 1847 मधे अमेरिकेतल्या चॉक्टो आदिवासींनी आयर्लंडसाठी 170 डॉलर जमवून पाठवले होते, आणि त्यांना स्वतःला त्यांच्या जमिनीवरून हाकलून अवघी सोळा वर्षं झाली होती. त्याची ही आठवण. कलकत्त्यातूनही त्या वर्षी मोठा फंड जमला होता, 14,000 पाऊंडांच्या आसपास, त्याचं असं काही शिल्प मी कुठे पाहिलेलं नाही, व्हायला हवं. 2020 मधे कोविडच्या काळात आयर्लंडच्या लोकांनी अमेरिकेतल्याच नाव्हाहो आणि होपी आदिवासींसाठी भरभरून पैसे पाठवले, ही परतफेड मला फार आवडते.

मग कोव्ह. हे बंदर म्हणजे 1848 ते 1950 मधे आयर्लंड सोडून गेलेल्या 60 लाखांपैकी 25 लाख जिथून गेले ते. टायटॅनिकचा शेवटचा थांबाही हाच, पण मला त्यात फार रस नाही. धक्क्यावर अॅनी मूरचा पुतळा आहे, दोन धाकट्या भावांना घेऊन निघालेली पोर, 1 जानेवारी 1892 ला न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर उतरलेली पहिली. पुतळ्यात एक भाऊ पाण्याकडे हात करतोय. आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या अमेरिकन माणसाचे पूर्वज इथूनच गेले असतील का हे सांगता येत नाही, स्किबरीनकडचे लोक बॅल्टिमोरहून, स्कलहूनही निघायचे.

तिथेच एका कॅफेत बसून सासूबाईंनी हेरिटेज सेंटरला फोन केला आणि शेताचं नाव, भिंतीची जागा, नकाशावरचा पॉइंट, सगळं लिहून दिलं. त्या आडनावाचं कोणी कधी शोधत आलं, अमेरिकेतून म्हणा कुठूनही, तर त्यांना हा पत्ता द्यायचा आणि शेतात न्यायचं. आत्याबाईंची अट एवढीच की आधी घरी यायचं, चहा घ्यायचा, आणि यावेळी विचारतील ते सगळं सांगायचं. सेंटरच्या बाईंनी सगळं उतरवून घेतलं आणि फोटो ईमेलवर पाठवा म्हणाल्या. नवऱ्याने रात्रीच पाठवले.

परतीच्या वाटेवर आईने माझ्या फोनवरून तिच्या चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला. इकडे साडेसहा वाजलेले, तिकडे रात्रीचे अकरा, दादा झोपेतून उठून बनियनवरच आला, घाबरलेला. आईने आधी वळवाचा पाऊस झाला का ते विचारलं, मग वहिनींचे गुडघे, मग म्हणाली, “दादा, म्या पुढल्या महिन्यात आली की जरा जुन्या वाड्याकडं जाऊया. आबांची चूल कुटं हुती दाव मला.” तो म्हणाला, “वाडा पडलाय गं समदा.” ती म्हणाली, पडू दे. मग दोघं बराच वेळ बाजरीचं बोलत राहिले.